‘लाय’ म्हणजे खोटं बोलणं की आडवं पडणं? लाईड, ले, लेन आणि लेडचा गुंता कसा सोडवायचा

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. साहेबांनी विचारलं अमुक फाईलला उशीर का झाला, आणि मी आपला प्रामाणिकपणे मेल टाकला, द फाईल लाईड ऑन माय टेबल फॉर टू डेज. मला म्हणायचं होतं की फाईल दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होती. पाच मिनिटांत साहेबांचा एका ओळीचा रिप्लाय आला, तोही अख्ख्या टीमला सीसी करून, की फाईल नक्की काय खोटं बोलली तेही कळवा. आठवडाभर येणारा जाणारा माझ्या टेबलावरच्या फायली उचलून विचारायचा, काय गं, आज खरं बोलतेस ना. तेव्हापासून हे क्रियापद माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं, आणि आता दुसऱ्या कोणाची अशी फजिती होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मुळात घोळ काय आहे ते बघू. एल-आय-ई, लाय. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. एकाचा अर्थ खोटं बोलणं. दुसऱ्याचा अर्थ आडवं होणं, पडून असणं, पसरलेलं असणं. आपल्याकडे एकाच वर्गात एकाच नावाची दोन पोरं असतात ना, नात्याबित्याचा काही संबंध नाही, फक्त हजेरी घेताना घोटाळा, तसंच हे. जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्द वेगळे होते, खोटं बोलण्यासाठी लेओगन आणि पडून असण्यासाठी लिज्जन, मग शतकं उलटता उलटता दोन्ही घासून घासून सारखेच झाले. जर्मनमध्ये आजही ते वेगळे आहेत, ल्यूगन म्हणजे खोटं बोलणं आणि लीगन म्हणजे पडून असणं, त्यामुळे जर्मन फाईल कधी खोटं बोलत नाही.

आता वर्तमानकाळात दोघांचं सगळं सारखं. आय लाय, ही लाईज, आणि चालू काळात दोन्हीकडे लाइंग. त्यामुळे वर्तमानकाळात चूक करायला वावच नाही, तुम्ही काहीही म्हणा, बरोबरच येणार, अर्थ मागच्यापुढच्यावरून कळतो. ही इज लाइंग ऑन द सोफा म्हटलं की तो सोफ्यावर पसरलाय, आणि ही इज लाइंग अबाउट द मनी म्हटलं की पैशांबद्दल थापा मारतोय. गंमत भूतकाळात सुरू होते.

खोटं बोलणारा लाय साधा आहे, लाय, लाईड, लाईड. शेवटी डी लावला, विषय संपला.

पडून असणारा लाय वाकडा आहे, लाय, ले, लेन. म्हणजे काल तो पलंगावर पडला होता हे सांगायचं तर ही ले ऑन द बेड. एल-ए-वाय.

आणि इथेच तिसरा पाहुणा घुसतो. ले नावाचं स्वतंत्र क्रियापदसुद्धा आहे, एल-ए-वाय असंच, अर्थ ठेवणं, आडवं ठेवणं, अंथरणं, घालणं. त्याची रूपं ले, लेड, लेड, आणि चालू काळात लेइंग. म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. हा तिसरा नसता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, खरंच, कारण लाईड आणि ले एवढं दोनच लक्षात ठेवणं कुणालाही जमलं असतं.

बहुतेक ठिकाणी आता तीन ओळींचा तक्ता देतात आणि सांगतात पाठ करा. माझा त्याच्यावर विश्वास नाही. तक्ता मीही पाठ केला होता, शाळेत घोकून घोकून केला होता, आणि तरी फाईल खोटं बोललीच. लिहिताना तक्ता आठवत नाही हो, लिहिताना डोक्यात मराठी वाक्य असतं. तर मग त्या मराठी वाक्याकडेच बघा ना, उत्तर त्यातच पडलेलं असतं.

पहिला प्रश्न, वाक्यात खोटेपणा आहे का

हा सगळ्यात आधी विचारायचा. कोणी कोणाला फसवायला काही खोटं सांगतंय का? असेल तर लाय, लाईड, लाईड, आणि पुढचं काही वाचायची गरज नाही. तो वयाबद्दल खोटं बोलला, ही लाईड अबाउट हिज एज. ती आतापर्यंत तीनदा खोटं बोललीये, शी हॅज लाईड थ्री टाइम्स. हा प्रश्न आधी का, तर पुढची जी युक्ती आहे ती खोट्याच्या बाबतीत फसते, कारण मराठीत ‘तो खोटं बोलला’ पण चालतं आणि ‘त्याने खोटं सांगितलं’ पण चालतं, म्हणून खोट्याला पहिल्याच दारावर वेगळं काढायचं.

दुसरा प्रश्न, मराठी वाक्यात ‘ने’ आहे का

खोटेपणा नाही, म्हणजे उरले दोन, आपोआप पडून असणारा आणि कोणीतरी ठेवणारा. आता वाक्य मराठीत भूतकाळात म्हणा आणि कर्ता तो किंवा ती घ्या.

तो पलंगावर पडला. ने नाही. म्हणून ले. ही ले ऑन द बेड.

तिने बाळाला पलंगावर निजवलं. ने आला. म्हणून लेड. शी लेड द बेबी ऑन द बेड.

कोंबडीने अंडं घातलं. ने आहे. द हेन लेड ॲन एग.

मांजर दिवसभर उन्हात पसरलं होतं. ने नाही. द कॅट ले इन द सन ऑल डे.

गवंड्याने विटा रचल्या. ने आहे. लेड. फाईल दोन दिवस टेबलावर पडून होती. ने नाही, म्हणून ले, द फाईल ले ऑन माय टेबल फॉर टू डेज, हे एवढं तेव्हा कळलं असतं तर.

हे जादूबिदू काही नाही. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ने लागतो आणि अकर्मकाला लागत नाही, आणि ले हे सकर्मक, लाय हे अकर्मक. इंग्रजी माणसाच्या भाषेत अशी खूण नाही, त्याला प्रत्येक वेळी कर्म शोधत बसावं लागतं, आपल्याला ती आईच्या दुधाबरोबर मिळालीये आणि आपण ती वापरत नाही. अपवाद आहेत, बोलणं, शिकणं, विसरणं ही क्रियापदं कर्म घेतात आणि तरी ने घेत नाहीत, पण पडणं आणि ठेवणं ह्यांच्या बाबतीत ने कधी दगा देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी आणि तू ला कुठे ने लागतो? बरोबर. ‘मी पडलो’ आणि ‘मी ठेवलं’, दोन्हीकडे नुसतं मी. पण तिथे क्रियापदाचं शेपूट बघा. मी पडलो, बाई असेल तर मी पडले, म्हणजे क्रियापद माझ्यामुळे बदलतं. आणि मी चष्मा ठेवला, मी वही ठेवली, मी पुस्तक ठेवलं, इथे मी पुरुष की बाई ह्याला कुणी विचारत नाही, क्रियापद चष्म्याच्या, वहीच्या, पुस्तकाच्या मागे जातं. शेपूट माझ्या मागे असेल तर आय ले, शेपूट वस्तूच्या मागे असेल तर आय लेड. मी पलंगावर पडलो हे आय ले ऑन द बेड, आणि मी चादर अंथरली हे आय लेड द शीट. वर्तमानकाळातलं वाक्य असेल तर मनातल्या मनात ते भूतकाळात नेऊन बघायचं. तो रोज दुपारी आडवा होतो, भूतकाळात ‘तो आडवा झाला’, ने नाही, म्हणून ही लाईज डाउन. ती कपडे पलंगावर पसरून ठेवते, भूतकाळात ‘तिने ठेवले’, ने आहे, म्हणून शी लेज द क्लोद्ज ऑन द बेड.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ले हे लाय चं प्रयोजक रूप आहे. म्हणजे लाय म्हणजे पडणं आणि ले म्हणजे पडायला लावणं, आपल्याकडे निजणं आणि निजवणं, बसणं आणि बसवणं, पडणं आणि पाडणं आहे ना, अगदी तसं. जुन्या इंग्रजीत लिज्जन आणि लेज्जन अशी जोडी होती. अशा जोड्या इंग्रजीत आता मोजक्याच उरल्यात. सिट आणि सेट ही एक, राइज आणि रेज ही एक, आणि फॉल आणि फेल ही सगळ्यात मजेशीर. फॉल म्हणजे पडणं, त्याचा भूतकाळ फेल, आणि फेल हे स्वतंत्र क्रियापदसुद्धा आहे, झाड तोडून पाडणं. द ट्री फेल म्हणजे झाड पडलं, दे फेल ट्रीज म्हणजे ते झाडं पाडतात. बघा, लाय आणि ले चा जो घोळ तोच डिट्टो इथे, पडण्याचा भूतकाळ आणि पाडण्याचा वर्तमानकाळ एकच. आपल्या मराठीत मात्र ही जोडी बनवायचा कारखाना चोवीस तास चालू असतो, जवळजवळ कुठलंही क्रियापद घ्या आणि आत ‘व’ घाला, म्हणून तर म्हणतो की हा भाग आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपा जायला पाहिजे.

‘पडलंय’चं भाषांतर करताना

ही चूक मी अजूनही दर आठवड्याला कुठे ना कुठे वाचतो. आपण म्हणतो, तुझी छत्री खुर्चीखाली पडलीये. पडली आहे. आता ‘आहे’ दिसलं आणि मागे पूर्ण झालेलं क्रियापद दिसलं की शाळेत शिकलेलं हॅज बाहेर येतं, आणि लोक लिहितात युअर अम्ब्रेला हॅज फॉलन अंडर द चेअर. ह्याचा अर्थ छत्री आत्ताच धपकन पडली असा होतो. आपल्याला पडण्याची घटना सांगायचीच नसते, छत्री तिथे आहे ही स्थिती सांगायची असते. इंग्रजीत स्थिती चालू काळात सांगतात, युअर अम्ब्रेला इज लाइंग अंडर द चेअर. तो झोपलाय म्हणजे ही इज स्लीपिंग, ही हॅज स्लेप्ट नव्हे, तोच प्रकार. त्यामुळे मराठीत ‘पडलाय, पडलीये, पडलंय’ असं आलं आणि वस्तू नुसती तिथे असल्याचं सांगायचं असेल तर डोळे झाकून इज लाइंग.

आणि कालची स्थिती असेल तर वॉज लाइंग सरळ वापरा. खरं सांगू का, ले बद्दल खात्री नसेल तेव्हा वॉज लाइंग हा चोरदरवाजा आहे. द फाईल वॉज लाइंग ऑन माय टेबल. कोणी हसणार नाही. लेन तर मी आयुष्यात मोजून चार वेळा लिहिलं असेल, द लेटर हॅज लेन देअर फॉर इयर्स हे बरोबर आहे पण आता जरा पुस्तकी वाटतं, त्यापेक्षा हॅज बीन लाइंग देअर लोक जास्त म्हणतात. लेन ओळखता आलं पाहिजे, वापरलंच पाहिजे असं नाही.

अजून एक बारीक फरक. लाय मध्ये आडवेपणा असतो. मराठीत बाटली टेबलावर ‘पडलीये’ म्हटलं तर ती उभी पण असू शकते, म्हणजे नुसतं कुणी उचललेली नाही एवढाच अर्थ. इंग्रजीत द बॉटल इज लाइंग ऑन द टेबल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर आडवी झालेली, कलंडलेली बाटली येते, आणि तो आधी विचारणार की सांडलं का. उभ्या बाटलीला नुसतं इज ऑन द टेबल म्हणा. तसंच ठेवणं म्हटलं की लगेच ले नाही. ग्लास ठेवला, किल्ली ठेवली, पिशवी ठेवली, ह्या सगळ्याला साधं पुट. ले वापरायचं ते पसरून, अंथरून, हळुवार आडवं ठेवतो तेव्हा, बाळ, चादर, फरशी, केबल, विटा. ह्याच्या पलीकडे काही ठरलेल्या जागा आहेत, अंडी घालणं, पाया घालणं, सापळा लावणं, जेवणाचं टेबल मांडणं, आणि संसदेत एखादा कागद पटलावर ठेवणं. ले-ऑफ तर सगळ्यांना माहीतच आहे, दुर्दैवाने. त्याचा भूतकाळ लेड ऑफ, कंपनीने शंभर जणांना काढलं, द कंपनी लेड ऑफ अ हंड्रेड पीपल, कंपनीने म्हणजे ने आलाच.

माझ्याशी, तुझ्याशी, आणि ‘विथ’चा खड्डा

इथे जरा थांबून वाचा कारण इथली चूक महागात पडते. मराठीत आपण म्हणतो, तू माझ्याशी खोटं बोललास. शी म्हणजे विथ, असं डोक्यात बसलेलं असतं, म्हणून लोक लिहितात यू लाईड विथ मी. चूक. खोटं बोलण्याला टू लागतो, यू लाईड टू मी. आणि टू गाळून यू लाईड मी असंही नाही चालत. माझ्याशी खोटं बोललं गेलं असं कर्मणी करायचं झालं तरी टू सोडायचा नाही, आय वॉज लाईड टू, टू शेवटी लटकत राहतो आणि तसाच बरोबर असतो.

विथ का टाळायचा, तर लाय विथ समवन ह्याला इंग्रजीत जुना अर्थ आहे, एखाद्याबरोबर झोपणं, म्हणजे शरीरसंबंध. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा वापर जागोजागी आहे आणि इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला तो लगेच आठवतो. शेक्सपिअरने तर १६०९ साली छापल्या गेलेल्या सॉनेट्सपैकी १३८ व्या सॉनेटमध्ये नेमकी ह्याच दोन अर्थांवर कोटी केलीये, एकमेकांशी खोटं बोलणारे आणि एकमेकांजवळ झोपणारे. तेव्हा ऑफिसच्या मेलमध्ये मॅनेजरला डोन्ट लाय विथ मी असं काही लिहू नका म्हणजे झालं. विथ फक्त एका ठिकाणी बिनधास्त येतो, द फॉल्ट लाईज विथ अस, म्हणजे चूक आमच्याकडे आहे, आणि तिथे लाय चा अर्थ असणं, वसणं असा होतो.

दुसरी सवय म्हणजे बोलणं आलं की स्पीक. खोटं बोलणं, स्पीक अ लाय. इंग्रजीत लाय बोलत नाहीत, सांगतात, टेल अ लाय. से अ लाय पण नाही. आणि खरं सांगायचं तर नुसतं लाय क्रियापद असताना हा सगळा खटाटोप कशाला, ही लाईड, दोन शब्दांत काम होतं.

शब्द किती जड आहे

मराठीत मित्राला आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, चल, खोटं बोलू नकोस. त्यात राग नसतो, उलट कौतुकच असतं. इंग्रजीत यू आर लाइंग हे तसं नाही. जिवलग मित्र सोडले तर तो थेट आरोप आहे, कारण लाय मध्ये फसवण्याचा हेतू गृहीत धरलेला असतो. चुकून चुकीची माहिती दिली तर त्याला लाय म्हणत नाहीत. क्लायंटने चुकीचा आकडा दिला असेल तर यू लाईड न लिहिता द फिगर इज इनकरेक्ट लिहा, तो खरंच मुद्दाम खोटा दिला असेल तरीसुद्धा, निदान पहिल्या मेलमध्ये. मित्राला गमतीत म्हणायचंच असेल तर यू आर किडिंग किंवा नो वे, त्यात आपल्या ‘काय सांगतोस’चा सूर येतो. बारक्यासारक्या थापेला फिब म्हणतात, पोराने दात घासले म्हणून सांगितलं आणि ब्रश कोरडा, तर तो फिब. आणि तोंडावर धडधडीत खोटं बोलण्याला लाय थ्रू युअर टीथ, हे मात्र अगदी जळजळीत आहे.

दोन अर्थांवरून खरोखरच एका माणसाची नोकरी अडचणीत आली होती. सर हेन्री वॉटन नावाचा इंग्लंडचा मुत्सद्दी, व्हेनिसला राजदूत म्हणून निघालेला, १६०४ मध्ये वाटेत जर्मनीतल्या आउग्सबुर्गला थांबला होता, तिथे एका ओळखीच्याने आपल्या वहीत दोन ओळी लिहून द्यायला सांगितल्या, आपण स्लॅमबुकात लिहायचो तशा. ह्याने विनोद केला की राजदूत म्हणजे देशाच्या भल्यासाठी परदेशी लाय करायला पाठवलेला सज्जन माणूस. त्या काळी लाय चा अर्थ मुक्काम करणं, राहणं असाही होत होता, त्यामुळे इंग्रजीत वाक्य दुधारी, परदेशी राहायला पाठवलेला आणि परदेशी खोटं बोलायला पाठवलेला. पण पठ्ठ्याने लिहिलं लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमध्ये त्या जागी जो शब्द घातला त्याचा अर्थ फक्त खोटं बोलणं. कोटी गेली, आरोप उरला. काही वर्षांनी इंग्लंडच्या राजाच्या एका विरोधकाने ते वाक्य छापून टाकलं आणि राजा जेम्स चांगलाच भडकला, वॉटनला सारवासारव करत बसावं लागलं. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट टेबलासमोर लावून ठेवावी असं मला वाटतं, माझ्या फायलीचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

स्पेलिंगच्या खोड्या

लाय ला आयएनजी लावताना आय-ई जाऊन वाय येतो, एल-वाय-आय-एन-जी. डाय आणि टाय चं पण तसंच, डाइंग, टाइंग. एल-आय-ई-आय-एन-जी असं काही नसतं. लेड चं स्पेलिंग एल-ए-आय-डी, पे चं पेड आणि से चं सेड जसं तसंच, वाय नंतर ई-डी लावून लेड लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पण प्ले आणि डिले मात्र ई-डी वाले, प्लेड, डिलेड, त्यांच्यात ले ऐकू येतो म्हणून फसू नका, त्यांचा ह्या घराण्याशी संबंध नाही. आणि देवनागरीत आपण लेड लिहिलं की त्यात तीन शब्द दडतात, ठेवलं हा एक, नेतृत्व केलं हा दुसरा, शिसं हा तिसरा, इंग्रजीत पहिल्याचा ए लांब आहे आणि बाकी दोघांचा आखूड, ऐकताना एवढं कान देऊन ऐका. खोटारडा म्हणजे लायर, एल-आय-ए-आर, शेवटी ए-आर. शब्दाच्या शेवटी ई-आर आला की दुसरा लाय, म्हणून स्टॅटिस्टिक्समधला आउटलायर ई-आर ने संपतो, तो बिचारा खोटारडा नाही, तो बाकीच्यांपासून बाहेर पडलेला आकडा आहे.

घराण्यातले बाकीचे पण एकदा ओळखून ठेवा. अंडरलाय हे पडून असण्यातलं, तळाशी असणं, म्हणून भूतकाळ अंडरले. बिलाय हे खोट्यातलं, दिसणं आणि असणं ह्यात फरक पाडणं, भूतकाळ बिलाईड, हिज स्माइल बिलाईड हिज फिअर म्हणजे हसण्यावरून भीती कळत नव्हती. मिसले म्हणजे वस्तू कुठेतरी ठेवून विसरणं, भूतकाळ मिसलेड, एल-ए-आय-डी च, आणि दिशाभूल केली ह्या अर्थाचा मिसलेड वेगळा, एल-ई-डी. त्या दोन मिसलेडची अदलाबदल केली तर ‘त्याने कागदपत्रं हरवली’च्या जागी ‘त्याने कागदपत्रांची दिशाभूल केली’ असं होतं.

वाक्प्रचार बरेच आहेत, त्यातले चारच सांगतो कारण तेच रोज भेटतात. लाय लो म्हणजे काही दिवस दडून राहणं, गाजावाजा न करणं. टेक इट लाइंग डाउन म्हणजे मुकाट्याने सोसणं, बहुतेक नकारात येतं, आय वोन्ट टेक धिस लाइंग डाउन, ऐकून घेणार नाही. आणि ब्रिटिश लोकांचं लाय-इन, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळत पडणं. परिस्थितीचा अंदाज घेण्याला ब्रिटिश द लाय ऑफ द लँड म्हणतात आणि अमेरिकन द ले ऑफ द लँड, दोन्ही बरोबर, ह्यात वाद घालू नका.

आणि हो, वाद घालू नका वरून आठवलं. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा सर्रास आयम गॉना ले डाउन म्हणतात, कुत्र्याला ले डाउन म्हणून हुकूम सोडतात, गाण्यांत तर विचारूच नका. नियमाने तिथे लाय डाउन पाहिजे. शेकडो वर्षं लोक हे असंच बोलत आलेत आणि व्याकरणवाले कपाळाला हात लावत आलेत. बोलताना कोणी ले म्हटलं तर चूक काढून समोरच्याचा मूड घालवू नका, समजून घ्या आणि पुढे चला. पण परीक्षेत, अर्जात, रिपोर्टमध्ये, मेलमध्ये मात्र तुम्ही स्वतः नियमाने लिहा, कारण ते लोक त्यांच्या भाषेत चुकले तर ती बोली ठरते आणि आपण चुकलो तर ती चूकच ठरते, अन्याय आहे पण आहे हे असं आहे.

आता एक वाक्य घ्या आणि स्वतः करून बघा, खाली लगेच बघू नका. ‘तो सोफ्यावर आडवा झाला, टॉवेल डोळ्यांवर ठेवला आणि फोनवर बायकोशी खोटं बोलला की मी कधीच निघालोय.’ आधी खोटं शोधा, शेवटचा तुकडा, तो लाईड, आणि शी आहे म्हणून विथ नाही, टू. मग उरलेल्या दोघांत ने शोधा. तो आडवा झाला, ने नाही, ले. टॉवेल ठेवला, इथे ने दिसत नाही कारण कर्ता मागच्या तुकड्यातून आलाय, पण वाक्य सुटं करून म्हणा, त्याने टॉवेल ठेवला, आला ने. म्हणून ही ले डाउन ऑन द सोफा, लेड अ टॉवेल ओव्हर हिज आईज, अँड लाईड टू हिज वाइफ ऑन द फोन.

तेच वाक्य आता हॅज लावून करा. लेन, लेड, लाईड असं आलं पाहिजे. आणि मग चालू काळात करा, दोन लाइंग आणि मधे एक लेइंग येतंय का बघा. नाही आलं तर टॉवेल कोणी ठेवला ते परत विचारा.